हलव्याचा काटा

पौषातील थंडी अंगात भरू लागली, बाजारात बोरांच्या आणि हरभऱ्याच्या घाट्यांच्या पाट्या दिसू लागल्या, उसाच्या मोळ्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, म्हणजे संक्रांत जवळ आली हे मुलांना पंचांग न पाहताही कळते. जानेवारीच्या १४ तारखेला, एखाद्या वर्षी १५ तारखेला, हा सण येतो. त्या दिवशी घरोघर तिळगूळ वाटला जातो. गुळाची पोळी, तिळाचे लाडू, तिळाची वडी हे सारे पदार्थ एका दुपारात होऊन जातात. पण संक्रांतीच्या ताटात आणखी एक पदार्थ असतो. तो आकाराने सर्वांत लहान, आणि करायला सर्वांत अवघड. तो म्हणजे हलवा.

हलव्याचा एक दाणा तळहातावर घेऊन नीट पाहावा. पांढरा शुभ्र, वाटाण्याहून लहान, आणि सर्वांगावर बारीक बारीक काटे. एखादे चिमुकले नक्षत्रच जणू हातावर उतरले आहे! तो तोंडात टाकला की आधी काटे जिभेला टोचल्यासारखे वाटतात, मग साखर विरघळू लागते, आणि अगदी शेवटी दातांखाली एक इवलासा तीळ येतो. हजार तीळ एकत्र केले तरी त्यांचे वजन तीन ग्रॅमच्या आसपास भरते. एवढ्याशा दाण्यावर इतकी साखर कोणी चढवली, आणि तिला काटे कोणी फोडले, असा प्रश्न खाणाराच्या मनात सहसा येत नाही. हलवा भट्टीत भाजत नाहीत, साच्यात घालत नाहीत, कढईत तळत नाहीत. तो बोटांनी होतो.

वाईला कृष्णेच्या काठापासून जवळच एका जुन्या घरात अशी बोटे होती. त्या घरातल्या आत्याबाईंनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. मोठी माणसे त्यांना आत्याबाई म्हणत आणि मुले आत्याआजी म्हणत. डिसेंबर संपत आला की त्या माळ्यावरून लोखंडी शेगडी उतरवीत आणि कल्हई केलेली पितळी परात चिंचेने घासून लख्ख करीत. घरात गॅसची शेगडी येऊन कित्येक वर्षे झाली होती. तरी हलव्याला निखाराच हवा, असे त्यांचे मत होते. गॅसची आच कमी केली तरी ती एके जागी लागते. निखाऱ्यावर राख पसरली म्हणजे ऊब सारखी पसरते, असे त्या सांगत.

त्या वर्षी मात्र शेगडी माळ्यावरच राहिली होती. आत्याबाईंच्या बोटांचे सांधे थंडीने आखडू लागले होते. सकाळच्या वेळी त्यांना पेलाही नीट धरवत नसे. आणि नेमके त्याच वर्षी घरात काकांच्या बाळाची पहिली संक्रांत होती. पहिल्या संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत कोणत्याही सोयीच्या दिवशी बाळाला काळे झबले घालायचे, अंगावर हलव्याचे दागिने चढवायचे आणि बोरन्हाण करायचे, ही रीत. दागिन्यांना सारखा, टपोरा, काटेरी हलवा लागतो.

"त्यात काय एवढे!" काका म्हणाले. "पुण्याला तयार दागिने मिळतात. मुकुटापासून बासरीपर्यंत सगळा संच. परवा जातोच आहे, घेऊन येईन."

कोणी काही बोलले नाही. काकांचे म्हणणे खरेच होते. आत्याबाईंनी आपले हात पदराखाली घेतले आणि त्या उठून आत गेल्या.

घरात सातवीत शिकणारी एक मुलगी होती. बाळ जन्माला आल्यापासून सगळे तिला ताई म्हणू लागले होते. पदराखाली गेलेले ते हात तिने पाहिले. ती आत्याआजीपाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "आत्याआजी, बोटे माझी घे. तू नुसते सांग."

ताईला हा आत्मविश्वास उगाच आला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत तिने मैत्रिणींना देण्यासाठी घरीच एक खाऊ केला होता. खजुराच्या बिया काढून तिने प्रत्येकात एकेक बदाम भरला. एका पातेल्यात पाणी गरम केले, त्यावर कोरडे भांडे ठेवले आणि त्या भांड्यात चॉकलेटचे तुकडे वितळवले. चॉकलेटमध्ये कोकोच्या बियांचे जे लोणी असते, ते सुमारे चौतीस अंश उष्णतेला वितळते. आपल्या शरीराची उष्णता सदतीस अंशांच्या आसपास असते. म्हणूनच चॉकलेट हातात घेताच मऊ पडते आणि तोंडात तर पाण्यासारखे होते. मात्र वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचे चार थेंब पडले, तर त्याचा गुळगुळीतपणा जाऊन घट्ट गोळा होतो. ताईने ही सगळी काळजी घेतली. एकेक खजूर काट्याने उचलून तिने चॉकलेटात बुडवला आणि तेल लावलेल्या ताटात ठेवला. दोन तासांत चाळीस खजूर तयार झाले. रंगीत कागदाच्या डब्यांत भरून तिने ते वाटले, तेव्हा मैत्रिणींना ते घरी केले आहेत हे खरे वाटेना.

आत्याबाईंनीही त्यांतला एक खाल्ला होता. "छान आहे," त्या म्हणाल्या होत्या. "आत बदाम आहे, हे चावल्याशिवाय कळत नाही."

म्हणून ताईला वाटले, की हलवा म्हणजे तरी काय? आत बदामाऐवजी तीळ आणि बाहेर चॉकलेटाऐवजी साखर. बुडवायचे आणि वाळवायचे!

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला आत्याबाईंनी तिला उठवले. बाहेर कृष्णेवरून येणारा गारवा होता. "हलव्याला थंडी लागते," आत्याबाई म्हणाल्या. "ऊन वर आले की काटा रुसतो."

आदल्या संध्याकाळीच पाक तयार करून ठेवला होता. अर्धा किलो साखर बुडेल इतके पाणी घालून ती उकळली. उकळत्या पाण्यात साखर थंड पाण्यातल्यापेक्षा दुपटीहून अधिक विरघळते, आणि पाणी आटून गेले की ती पुन्हा कण होऊन बाहेर पडते. हलव्याचे सारे रहस्य या एका गोष्टीत आहे. पाक उकळू लागल्यावर आत्याबाईंनी त्यात दोन चमचे दूध घातले. त्याबरोबर साखरेतली मळी फेसाबरोबर वर आली. ती झाऱ्याने काढून पाक फडक्यातून गाळला. दोन बोटांत धरला तर एक तार निघावी, इतकाच तो आटवला.

आता परातीत दोन चमचे तीळ पसरले. दोनच चमचे! ताईला वाटले, आत्याआजी चुकली. पण त्या दोन चमच्यांत कमीजास्त दोन हजार दाणे होते, आणि अर्ध्या किलोतली बहुतेक साखर त्या दोन हजार दाण्यांवर चढायची होती. निखाऱ्यांवर राख पसरून परात वर ठेवली. ती जराशी कोमट झाली, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आता एक चमचा पाक घाल, आणि बोटांच्या टोकांनी हलव. दाबायचे नाही. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतेस ना, तसे."

ताईने पाक घातला. तीळ चिकट झाले, एकमेकांना बिलगले. ती बोटे फिरवीत राहिली. हळूहळू पाण्याचा अंश उडाला आणि दाणे पुन्हा सुटे झाले. त्यांच्यात काही फरक पडलेला दिसेना.

"झाले?" तिने विचारले.

"झाला एक चमचा," आत्याबाई म्हणाल्या.

दुसरा चमचा झाला, तिसरा झाला, दहावा झाला. शाळेची वेळ होईतो तिळांवर नुसती पांढुरकी झाक आली होती. पाठ भरून आली होती, बोटांची टोके लाल झाली होती. चॉकलेटचे चाळीस खजूर होऊन धुतलेली भांडी जागेवर गेली असती इतका वेळ लोटला होता, आणि परातीत अजून तीळ ते तीळच होते.

दुसऱ्या दिवशी ताईने एक युक्ती केली. आत्याबाई देवघरात गेल्या आहेत असे पाहून तिने एकदम तीन चमचे पाक ओतला आणि फुंकणी घेऊन निखारे फुलवले. क्षणभर सारे ठीक दिसले. मग परातीच्या मध्यभागी दाण्यांचे गठ्ठे झाले. कडेला साखर करपून पिवळी पडू लागली. आणि जी साखर दाण्यांवर चढायला हवी होती ती भुगा होऊन परातभर पसरली. आत्याबाई परत आल्या तेव्हा ताई गठ्ठ्यांकडे पाहत बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

आत्याबाई रागावल्या नाहीत. त्यांनी परात खाली उतरवली, भुगा चाळून काढला, पिवळे पडलेले दाणे वेगळे केले आणि आपल्या आखडलेल्या बोटांनी एकेक गठ्ठा फोडू लागल्या. "साखरेला घाई कळत नाही," त्या म्हणाल्या. "एक थर वाळल्याशिवाय दुसरा घेत नाही ती. आपण लाडीगोडी लावावी, तिचे ती ठरवते." थोड्या वेळाने ताईही गठ्ठे फोडू लागली. दोघींच्या मधे परात होती. त्या सकाळी एकही नवा चमचा पडला नाही.

तिसऱ्या दिवसापासून ताईच्या बोटांना वळण लागले. पाक किती वेळाने सुकतो, परात केव्हा जास्त तापली, दाणे कोणत्या आवाजाने सुटे होतात, हे तिला न पाहता कळू लागले. आणि चौथ्या दिवशी, उजाडण्याच्या सुमारास, तिने एक दाणा उचलून दिव्यासमोर धरला. त्याच्या अंगावर टोके उमटली होती!

हे काटे येतात तरी कसे? दाणा अगदी गोल कधीच नसतो. त्याचा जो भाग किंचित वर आलेला असतो, तो परातीला आणि तिच्यातल्या पाकाला आधी टेकतो. तेथे साखरेचा कण आधी धरतो आणि आधी वाळतो. पुढच्या चमच्याला तोच भाग आणखी वर आलेला असतो, म्हणून तेथेच आणखी साखर बसते. असा शेकडो वेळांच्या स्पर्शाने उंचवटा वाढत वाढत काटा होतो. बोटे जोराने दाबली तर टोके झडतात. बोटे थांबली तर दाणे चिकटतात. हलका हात आणि न थांबणारा हात, असे दोन्ही गुण एकत्र आले तरच काटा येतो.

या काटेरी दाण्याचे एक भावंड दूर जपानात आहे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. तेथे त्याला कोंपेइतो म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. त्या भाषेत साखरेत घोळवलेल्या मिठाईला कोंफेइतो असे नाव आहे. लुईश फ्रोइश नावाचा एक पोर्तुगीज धर्मोपदेशक १५४८ साली गोव्यास आला. तेथे शिक्षण घेऊन तो पुढे जपानला गेला. १५६९ साली त्याने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला जी भेट दिली, तिच्यात काचेच्या बरणीत भरलेला कोंपेइतो होता. पुढे जपानी कारागिरांनी ही विद्या आत्मसात केली. तापलेल्या, तिरप्या, फिरत्या परातीत बारीक दाणे घोळवून त्यांवर थोडा थोडा पाक घालतात, आणि तो खाऊ तयार व्हायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. तोराहिको तेरादा नावाच्या जपानी भौतिकशास्त्रज्ञालाही या काट्यांचे कुतूहल वाटले आणि त्याने त्यावर लेख लिहिला. आजही जपानच्या राजघराण्यातील मंगल प्रसंगी पाहुण्यांना चिमुकल्या नक्षीदार डबीतून कोंपेइतो भेट म्हणून दिला जातो. देश वेगळे, भाषा वेगळ्या. पण आपला वेळ साखरेच्या दाण्यात साठवून दुसऱ्याच्या हातावर ठेवावा, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच.

पहाटेच्या त्या बैठकीत बोलायला पुष्कळ वेळ असे. एकदा ताईने विचारले, "आत्याआजी, दर वर्षी हलवा तू करतेस, दागिने तू करतेस. मग बोरन्हाणाला आणि हळदीकुंकवाला तू बाहेर का येत नाहीस?"

आत्याबाईंचे बोट परातीच्या कडेवर थांबले. "आत कोणीतरी लागते ना ग," त्या म्हणाल्या. "पुड्या बांधायला, दूध बघायला."

ताईने हे आईला विचारले, तेव्हा तिला खरे कारण कळले. आत्याबाई बावीस वर्षांच्या असताना त्यांचे यजमान वारले. त्या भावाच्या घरी परत आल्या. घरात त्यांना कोणी कधी टाकून बोलले नाही. पण पतीच्या मागे राहिलेल्या स्त्रीने मंगल कार्यात पुढे होऊ नये, अशी त्या काळी समजूत होती. पहिल्या वर्षी त्या आपण होऊनच आत बसल्या. दुसऱ्या वर्षी कोणी बोलावले नाही. मग त्यांचे आत बसणे ही घराची रीतच झाली. शेजारच्या एका बाईंकडून त्यांनी हलवा शिकून घेतला. अर्ध्या गावातल्या बाळांचे आणि नव्या सुनांचे दागिने त्यांच्या हातून झाले. त्या पैशांतून त्यांनी भावाच्या मुलांच्या शाळेच्या फीला हातभार लावला. त्यांच्या हलव्याने सजलेली कित्येक बाळे पुढे मोठी झाली. पण त्यांतल्या एकाचेही बोरन्हाण आत्याबाईंनी उंबरठ्याच्या अलीकडून पाहिले नाही.

"आणि आता?" ताईने विचारले. "आताही तसेच?"

आई गप्प राहिली. मग म्हणाली, "मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव केला, की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा आमच्या गावात बंद. मग सरकारनेही इतर गावांना तसे करण्याचे आवाहन केले. तुझ्या बाबांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. आत्याबाई तेव्हा तीळ निवडत होत्या. त्यांनी सगळे ऐकले आणि तीळ निवडत राहिल्या."

"मग आपण त्यांना बोलावले का नाही?"

या प्रश्नाला आईपाशी उत्तर नव्हते. ज्या गोष्टी कोणी ठरवलेल्या नसतात, त्या मोडायच्या कोणी हेही ठरलेले नसते.

सहाव्या दिवशी हलवा पुरा झाला. मग दागिन्यांचे काम सुरू झाले. दुहेरी दोऱ्याच्या पिळात एकेक दाणा अडकवायचा आणि गाठ मारायची. गाठ सैल राहिली तर दाणा निसटतो, घट्ट झाली तर काटे मोडतात. पुठ्ठ्याचा मुकुट कापून त्यावर सोनेरी कागद चिकटवला आणि हलव्याच्या रांगा बसवल्या. हार झाला, बाजूबंद झाले, मनगट्या झाल्या, कमरपट्टा झाला, आणि एवढीशी बासरीही झाली. काकांनी दागिने पाहिले आणि ते पुण्याच्या दुकानाविषयी पुन्हा काही बोलले नाहीत.

बोरन्हाणाच्या दिवशी ओटी माणसांनी भरून गेली. मध्यभागी पाट मांडला. सुपात बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि हलवा एकत्र केला होता. गल्लीतली मुले पाटाभोवती टपून बसली होती. बाळाच्या डोक्यावरून खाऊ ओतला की तो लुटायचा होता. काळ्या झबल्यातले बाळ आईच्या मांडीवर बसून सगळ्यांकडे टकमक पाहत होते. ताईने मुकुट हातात घेतला, बाळाच्या डोक्यावर ठेवला, आणि ती थांबली. मुकुटाचे बंद मागे कसे बांधायचे, ते तिला ठाऊक होते. पण ती मोठ्याने म्हणाली, "ही गाठ आत्याआजीच्याच हातची हवी. मी तिला बोलावून आणते."

ओटीवर एकदम शांतता पसरली. शेजारच्या एक वृद्ध बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "अग, बाळाचे पहिले बोरन्हाण आहे. आधी सवाष्णींचे हात लागू देत. मग आहेतच की त्या."

ताई आजीकडे पाहू लागली. आजी म्हणजे आत्याबाईंच्या भावजय. साठ वर्षे दोघी एका घरात राहिल्या होत्या. आजीने हातातली निरांजनाची तबकडी खाली ठेवली. ती क्षणभर काहीच बोलली नाही. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि स्वतः माजघराच्या दारापर्यंत गेली.

आत आत्याबाई पुड्या बांधीत बसल्या होत्या.

"वन्सं, या," आजी म्हणाली.

"वहिनी, तुमचे चालू द्या. मी इथे आहे ना."

"इतकी वर्षे तुम्ही इथे होता, आणि मी तुम्हांला हाक मारली नाही," आजी म्हणाली. "ती चूक माझी. आज मारते आहे. बाळाला तुमच्या हातचा गोडवा चालतो, मग तुमचा हात का चालू नये? या."

आत्याबाई बाहेर आल्या. त्यांनी पदर सारखा केला. ओटीवरची माणसे थोडी थोडी सरकली आणि पाटापर्यंत वाट झाली. त्या बाळापाशी बसल्या आणि मुकुटाचे बंद हातात घेतले. बोटे आखडलेली होती. पहिली गाठ बसली नाही. ताईने बंदाचे एक टोक धरले. दुसऱ्या वेळी गाठ बसली. बाळाने हात वर करून मुकुटातला एक दाणा उपटला आणि तोंडात घातला. तेव्हा सगळे हसले, आणि हलक्या आवाजात बोलणाऱ्या त्या बाईही हसल्या. मग आजीने सुपातला पहिला ओंजळभर खाऊ आत्याबाईंच्या हातात दिला. बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे आणि हलवा यांचा पाऊस पडला, आणि मुलांची एकच झुंबड उडाली.

एका दिवसाने सारे जग बदलते, असे नाही. गावात अजून पुष्कळ घरे अशी होती, की जेथे कोणी ना कोणी आतल्या खोलीत बसत असे. पण हलवा करणाराला एक गोष्ट ठाऊक असते. एका चमच्याने काटा येत नाही. मात्र पहिला चमचा पडल्याशिवाय शंभरावा पडत नाही.

दुसऱ्या दिवशी ताईने उरलेल्या हलव्याच्या पुड्या बांधल्या. प्रत्येक पुडीत तिने चॉकलेटात बुडवलेला एकेक खजूरही ठेवला; हे तिचे स्वतःचे, आणि ते आत्याआजीकडून शिकलेले. पुड्यांची पिशवी घेऊन ती निघाली ती आधी मागच्या आळीत गेली. तेथे तिच्या वर्गातली एक मुलगी राहत असे. त्या मुलीचे वडील गेल्या पावसाळ्यात वारले होते, आणि तिची आई त्या वर्षी कोठेच हळदीकुंकवाला दिसली नव्हती.

"काकू, तिळगूळ घ्या," ताई म्हणाली. "आणि आजीने उद्या हळदीकुंकवाला बोलावले आहे. नक्की या. आत्याआजीही बाहेर बसणार आहे."

काकूंनी पुडी उघडली. एक दाणा उचलून त्यांनी उजेडात धरला आणि बोटांत हळूच फिरवला.

"काटा सुरेख आला आहे," त्या म्हणाल्या. "घरी केलेला दिसतो."

"हो," ताई म्हणाली. "सहा दिवस लागतात."